जात चोरली कोणी, शोधली कोणी

मराठीत एक क्रियापद आहे, त्याचा हिशेब आपण अजून नीट मागितलेला नाही. जात ‘चोरणे’. जात लपवणे म्हणता आलं असतं, न सांगणे म्हणता आलं असतं. पण आपल्या आया-आज्यांच्या तोंडी आहे ते चोरणंच. त्यानं जात चोरली. म्हणजे जी गोष्ट दुसऱ्यांनी त्याच्या अंगाला जन्मल्याबरोबर चिकटवली ती त्यानं चारचौघात काढून दाखवली नाही, तर चोर तो. चिकटवणारे साव. याच क्रियापदाचा दुसरा प्रयोगही आपल्याच माणसांनी जास्त केलाय : अंग चोरून बसणे. सावली पडू नये म्हणून अंग चोरायचं, अन् दारातून आत शिरू द्यावं म्हणून जात चोरायची. गावात अंगाची चोरी, शहरात जातीची. आपल्या बापजाद्यांचा इतिहास या दोन चोऱ्यांच्या मध्ये कुठेतरी सापडतो आणि तो आपल्या चळवळीच्या पुस्तकात फार थोडा लिहिला गेलाय. मोर्चे लिहिले गेले, परिषदा लिहिल्या गेल्या. ज्यानं नाव बदलून भाड्याची खोली घेतली त्याच्यासाठी आपल्याकडे एक शिवी आहे आणि ती आपण भाषणात टाळ्यांसाठी वापरतो. ही शिवी तपासून पाहायची वेळ आलीय, म्हणून हा लेख.

सुरुवात थोडी लांबून करतो. दोस्तांनो, हसू नका, अमेरिकेच्या टीव्हीपासून करतो.

१९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. वस्तीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा, पोरं खिडकीला लटकून पाहायची. टोकदार कानांचा स्पॉक त्या पिढीला आठवत असेल. ते मूळ मालिकेचं. पुढे त्याच कुळीतली दुसरी मालिका निघाली, ‘द नेक्स्ट जनरेशन’. तिचा एक भाग १९९१ च्या एप्रिलात अमेरिकेत दाखवला गेला. नाव ‘द ड्रमहेड’. लेखिका जेरी टेलर, दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स. ड्रमहेड म्हणजे ढोलाचं चामडं. जुन्या काळी रणांगणावर ढोलाचंच टेबल करून उभ्या उभ्या न्याय करायचे. पुरावा, साक्ष, अपील असली भानगड नाही. ढोलाचं चामडं कोण ताणून बसवायचं ते आपल्याला सांगायला नको, पण तो विषय वेगळा.

गोष्ट अशी. अंतराळयानात स्फोट होतो. एक हेर पकडला जातो, तो खरोखरच हेर निघतो. मग निवृत्त अ‍ॅडमिरल नोरा साटी चौकशीला येते, आणि एका हेरावर तिचं भागत नाही. तिला कट पाहिजे. दवाखान्यातला एक पोरगा आहे, सायमन टार्सेस, साधा तंत्रज्ञ. त्याचा गुन्हा काहीच नाही. पण चौकशीवाल्यांबरोबर एक माणूस असा आहे की ज्याला समोरच्याच्या मनातली भीती जाणवते. तो म्हणतो, हा पोरगा काहीतरी लपवतोय. आणि पोरगा खरंच लपवत असतो. भरतीच्या कागदावर त्यानं लिहिलंय की माझा आजा व्हल्कन. आजा असतो रोम्युलन. व्हल्कन म्हणजे मित्रांची जमात, रोम्युलन शत्रूंची. भर सभेत त्याला विचारतात : तुझा आजा कोण? पोरगा गप्प बसतो. उत्तर न देण्याचा हक्क मागतो. तो हक्क मागणं हाच त्याच्याविरुद्ध पुरावा होतो. पुढे कळतं की स्फोट हा अपघात होता, एका भागात दोष होता. तरी चौकशी थांबत नाही, कारण आता आजा सापडलाय.

आता यातली मेख बघा. व्हल्कन आणि रोम्युलन एकाच मुळाचे. एक फांदी पूर्वी कधीतरी वेगळी झाली. कान तसेच, भुवया तशाच, चेहरा तोच. १९६६ च्या डिसेंबरात मूळ मालिकेत ‘बॅलन्स ऑफ टेरर’ नावाचा भाग झाला. त्यात रोम्युलन पहिल्यांदा पडद्यावर दिसतात आणि यानावरचा एक गडी लगेच स्पॉककडे संशयानं पाहायला लागतो, कारण दोघांचं तोंड सारखं. म्हणजे काळ्या-गोऱ्याच्या गोष्टीत डोळ्यांना दिसतं. इथे दिसत नाही. इथे विचारावं लागतं, कागद काढावा लागतो, आज्यापर्यंत जावं लागतं. अमेरिकन लेखिकेच्या डोक्यात बहुधा त्यांच्या देशातली १९५० च्या आसपासची कम्युनिस्टांची शोधाशोध असावी. पण तिनं जे लिहिलं ते त्यांच्या वंशभेदापेक्षा आपल्या जातीच्या जास्त जवळ गेलंय. तिला ते ठाऊक असायचं कारण नाही.

माझी एक तक्रार आहे त्या भागाबद्दल. शेवटी कप्तान पिकार्ड उभा राहून अ‍ॅडमिरलबाईचं सोंग उघडं पाडतो, ती तोल सोडून ओरडते, वरिष्ठ उठून जातो, चौकशी बंद. चांगलं झालं. पण टार्सेसचं काय? शेवटच्या दृश्यात पिकार्ड आहे, वॉर्फ आहे, पोरगा नाही. त्याची नोकरी राहिली का, सोबतचे त्याच्याशी आधीसारखे जेवायला बसले का, कोणी सांगत नाही. भाषण कप्तानाला मिळालं. सोसलं एकानं आणि इतिहासात नाव दुसऱ्याचं, ही रीत आपल्याला नवी नाही. आणि तो वॉर्फ. त्याच्याच घराण्यावर त्याच्या लोकांनी फितुरीचा डाग लावलेला. हाच गडी चौकशीत सर्वात पुढे, घरं धुंडाळायला तयार. ज्याच्या बापाला डाग लागला त्यानं दुसऱ्याच्या आज्याचा डाग शोधायचा. असे वॉर्फ आपल्या हापिसांत कमी नाहीत.

आता आपल्या मुलखात या.

वऱ्हाडात माणसाच्या तोंडावर जात लिहिलेली नसते. कापसाच्या वावरात उन्हानं सगळ्यांची कातडी सारखीच करपते. म्हणून इथे विचारण्याचं एक शास्त्रच तयार झालंय. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो. मग आडनाव. आडनावानं भागलं नाही तर, “कोनते मेश्राम?” कारण मेश्राम आपल्यात आहेत तसे पांढरकवड्याकडे गोंडांतही आहेत. मग, “गावात घर कोन्या आंगाले हाय तुमचं?” मग मामाचं गाव. मग कोणाकडे सोयरीक. पाचव्या प्रश्नाला माणूस उघडा. आणि हे सगळं मायेनं चाललेलं असतं, तंबाखूची चिमूट पुढे करत. चिमूट पाचव्या प्रश्नाच्या आधी मिळते की नंतर, तेवढा फरक.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी या तोंडी शास्त्राला वही दिली. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून त्यांच्या ताब्यात आलं. मग दर दहा वर्षांनी शिरगणती, प्रत्येकाच्या नावापुढे जात. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावानं ‘वून’ म्हणून ओळखला जायचा, १९०५ साली यवतमाळ झाला. १९०८ साली त्याचं गॅझेटियर निघालं. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींचे चार जाडजूड खंड छापले. कोण काय खातो, कोणाच्या हातचं पाणी कोणाला चालतं, सगळं वर्णानुक्रमे. गावातल्या पाटलाला जे तोंडपाठ होतं ते आता सरकारलाही पाठ झालं. फासेपारध्यांसारख्यांचं तर याहून वाईट. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायची सोय केली, आणि १९५२ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेला तो कायदा उठला तरी बेड्यावर रात्री येणारी पोलिसांची गाडी उठली नाही. पारधी जात चोरू शकत नाही. त्याची वही ठाण्यात असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जात चोरणाऱ्याला भ्याड म्हणायच्या आधी ही गोष्ट प्रत्येकानं नीट ऐकावी.

१९०१ साल. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची पोरं उन्हाळ्याच्या सुटीत साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. वडील गोरेगावला खजिनदार. मसूर स्टेशनवर पोरं उतरली. अंगात चांगले कपडे, नवी टोपी. स्टेशनमास्तरला वाटलं बामणाची पोरं, म्हणून तो आपुलकीनं विचारपूस करायला आला. कोण रे तुम्ही? पोरानं जराही विचार न करता खरं सांगितलं, महार. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. बैलगाड्या दारात उभ्या होत्या, दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी कोणी बसवून घेईना. शेवटी एक तयार झाला, पण अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची. शिदोरी होती, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्याशी पोचल्यावर त्याच गाडीवाल्यानं सल्ला दिला : महार म्हणू नका, मुसलमान आहोत म्हणा. आणि त्या पोरानं नाकेदाराशी उर्दूत बोलून पाणी मागितलं. तरी मिळालं नाही, ती गोष्ट निराळी. पोरं उपाशी झोपली.

दिवसा स्टेशनवर खरं सांगितलं त्याचं फळ पाहिलं. रात्री नाक्यावर चोरलं. मधे काही तासांचं अंतर. जात चोरायला कोणाला शाळेत शिकवावं लागत नाही. एक दिवस पुरतो.

पुढे १९१७. हाच माणूस अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनला राहून परत आलाय. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीची अट म्हणून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला जातो. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न : राहायचं कुठे? पाच वर्षं परदेशात विसरलेला प्रश्न. हिंदूंच्या खाणावळीत नाव बदलून शिरता आलं असतं, पण तिथे पकडले जाणार हे नक्की. मग पारशांची धर्मशाळा सापडली. वर गेल्यावर राखणदारानं अंगावर सदरा-कस्ती नाही हे पाहिलं आणि विचारलं, कोण तुम्ही? इथे फक्त पारशांना जागा. तेव्हा पारशी नावानं नोंद करायचं दोघांत ठरलं. राखणदाराला रोजचा दीड रुपया मिळणार होता आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बघा, इथेही रजिस्टर आहेच. कोलंबियात ज्याचा प्रबंध मान्य झाला त्याला बडोद्यात झोपण्यासाठी खोटं नाव लिहावं लागलं.

वरचा मोठा दिवाणखाना मोडक्या बाकांनी, फुटक्या सामानानं भरलेला. वीज नाही, एक कंदील. दिवसभर कचेरी, रात्री त्या अडगळीत एकट्यानं वाचन. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यात उभे. धर्मशाळा बाटवलीस म्हणाले. संध्याकाळपर्यंत खाली कर. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण नाव खोटं लिहिलंय हे खरंच होतं. हे ध्यानात घ्या. पकडल्या गेलेल्या माणसाला आपली बाजू मांडायलाही तोंड उरत नाही. ज्यानं खोटं बोलायला लावलं तो खरेपणाच्या जागेवर उभा राहून जाब विचारतो. टार्सेसला नेमकं हेच म्हणतात, तू कागदावर खोटं लिहिलंस. का लिहिलंस हे कोणी विचारत नाही.

त्या दिवशी दोन मित्रांकडे जाऊन झालं. एक हिंदू. तो म्हणाला, तुम्हाला घरी आणलं तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. त्याला बायकोला विचारायचं होतं, आणि बायको धर्म बदलूनही सोवळी राहिलेली. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास कामाठी बागेत झाडाखाली काढले. आता तिथे संकल्प भूमी आहे आणि २३ सप्टेंबरला लोक जमतात. तिथे डोकं टेकवणाऱ्यानं एवढंच आठवावं की या झाडाखाली बसलेला माणूस जात चोरल्याबद्दल हाकलून दिलेला होता.

आणि हे आपल्याला कळलं कसं? कोणा हेरानं शोधून काढलेलं नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं. १९३५-३६ च्या सुमाराचं ते टिपण, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका करून छापलं. मुसलमान म्हणून पाणी मागितलं हे लिहिलं, पारशी नाव घेतलं हे लिहिलं. काही झाकलं नाही, शरमून सांगितलं नाही, की त्याचं तत्त्वज्ञान केलं नाही. परदेशातल्या वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावं म्हणून घडलं तसं मांडलं. ज्या गोष्टीचं गुपित ठेवून समाज आपल्याला चोर ठरवतो, ती गोष्ट पुराव्यासारखी टेबलावर ठेवली की चोर बदलतो.

नावांबद्दल त्यांचा विचार पुढे पक्का झाला तो इथूनच, असं माझं मत आहे. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी नाव बदलण्याचा प्रश्न घेतला. हिंदू राहून चोखामेळा म्हणवा, हरिजन म्हणवा, फायदा काय? मागाहून छापल्या गेलेल्या लिखाणात त्यांनी देशभरची यादीच दिलीय : चांभार रविदासी किंवा जाटव म्हणवतात, भंगी वाल्मीकी, महार सोमवंशी. गावापासून लांब गेले तर ख्रिस्ती म्हणून सांगतील. सगळे रंग बदलून जीव वाचवू पाहतात. पण हिंदू म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न येतो, कोणता हिंदू? आणि प्रश्न थांबत नाही तोवर नाव टिकत नाही. म्हणजे आपली एसटीतली पाच प्रश्नांची साखळी. ती तोडायची तर उत्तर असं हवं की ज्याच्यापुढे दुसरा प्रश्नच नाही. धर्मांतरामागची एक कडी ही आहे. मोठ्या तत्त्वचर्चेत ती हरवते.

हे सगळं कथेत आणलं बाबुराव बागूल यांनी. १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला, आणि आयांच्या तोंडचं ते क्रियापद पहिल्यांदा पुस्तकाच्या पाठीवर गेलं. त्यातला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो, जात न सांगता राहतो, मान मिळवतो. त्याच ठिकाणी काशीनाथ सकपाळ आहे, तो जात सांगून, भांडून जगतो. नायकाचं पितळ उघडं पडल्यावर मार बसतो तेव्हा सोडवायला येतो तो काशीनाथच. आमच्या बैठकीत या कथेवर वाद झाला की सगळे काशीनाथच्या बाजूनं असतात. मीही असतो. पण बागुलांनी कथा लिहिली ती चोरणाऱ्याच्या तोंडून. काशीनाथ अंगावर घेतो, त्याला सगळं बाहेर आहे. चोरणाऱ्याला आत किती जागा पोखरली गेली ते कळतं. काशीनाथवर रोज हल्ला होतो तेव्हा शेजारी बसून मान खाली घालावी लागते, हा खरा मार. काठीचा नंतर.

१९५६ नंतर तरी हे संपायला हवं होतं. नागपूर यवतमाळपासून दीडशे किलोमीटर. बैलगाडीनं, पायी, शकुंतलेनं मूर्तिजापूर गाठून मोठ्या गाडीनं, जमेल तशी माणसं १४ ऑक्टोबरला पोचली. महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत १९५१ च्या शिरगणतीत बौद्ध अडीच हजारही नव्हते. १९६१ साली सुमारे २८ लाख. जगात इतक्या माणसांनी इतक्या कमी काळात एक शब्द टाकून दुसरा घेतल्याची उदाहरणं थोडी. दार उघडं झालं. आता कोण विचारील त्याला सरळ सांगा, बौद्ध.

आणि तिथेच नवी मेख निघाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असायला पाहिजे होता. १९५६ साली शीख घातले गेले, बौद्ध नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारनं सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्राच्या नोकऱ्या, केंद्राच्या शिष्यवृत्त्या, राखीव जागेची उमेदवारी, यासाठी कागदावर हिंदू महारच राहावं लागत होतं. १९९० साली कायदा बदलेपर्यंत. चौतीस वर्षं! घरात पंचशील, फॉर्मवर हिंदू. बापानं बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजीनं सांभाळून घेतलेलं. पूर्वी जात चोरायची होती, आता धर्म चोरायचा. ज्या मंडळींनी तसं केलं त्यांना ‘सवलतीसाठी हिंदू’ म्हणून हिणवलं गेलं. हिणवणाऱ्यांनी त्या काळात घरात चार पोरं असलेल्या शेतमजुराची जागा घेऊन पाहायला हवी होती. ज्यांनी उपाशी राहून ‘बौद्ध’च लिहिलं त्यांना माझा जयभीम आहेच. पण मी दुसऱ्यांना शिवी देणार नाही. ती शिवी दिल्लीतल्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाला द्यायची होती.

आज काय स्थिती आहे? आज एकाच पोराला दोन तोंडं ठेवावी लागतात. जात प्रमाणपत्रासाठी त्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासूनचा पुरावा लागतो. म्हणजे आज्याचा शाळेचा दाखला, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. आजा शाळेतच गेला नसेल तर? त्याला शाळेच्या पायरीवर चढू न देणाऱ्यांच्याच कागदावर त्याचं महारपण सिद्ध करायचं! आदिवासींचं आणखी अवघड. १९७६ च्या कायद्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ तालुक्यांतला गोंड अनुसूचित जमातीचा, पण पुसद किंवा दारव्ह्यात त्याचा भाऊ राहत असला तर तो यादीत नाही. जमात हद्दीच्या दगडापाशी संपायची. आणि हद्दबंदी उठल्यावर दुसरीच गर्दी उसळली. ज्यांच्या बापजाद्यांनी आदिवासींच्या हातचं पाणी घेतलं नसतं त्यांना आपण आदिवासी असल्याचा साक्षात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाला १९९४ साली पडताळणी समित्यांची रीत घालून द्यावी लागली, राज्याला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. यांचीही जात-चोरीच. पण या चोरीला भाषेत शब्द नाही! ‘बोगस’ हा शब्दसुद्धा इंग्रजीतून आणावा लागला. आपल्या माणसानं घोटभर पाण्यासाठी केली ती चोरी, यांनी मेडिकलच्या जागेसाठी केली ती ‘दाखल्याची अडचण’.

दुसरं तोंड घरमालकापुढे. यवतमाळात खोली शोधणाऱ्या पोराला कोणी “तुझी जात काय” असं विचारत नाही, तेवढी सुधारणा झालीय. विचारतात, “भाजीपाल्यातले ना?” “पूर्ण नाव सांगा.” खोली कालच गेली, असं उत्तर मिळतं, आणि महिनाभर दारावरची पाटी तशीच लटकलेली. पोरगं शेवटी फक्त स्वतःचं अन् बापाचं नाव सांगून खोली घेतं, आडनाव पोटात ठेवतं. भिंतीवर फोटो लावत नाही. १४ एप्रिलला “गावाला जातो” म्हणतं. सकाळी तहसिलीत जात शाबीत करायची, संध्याकाळी घरी चोरायची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, महारवाड्याऐवजी भीमनगर, समतानगर वगैरे. वाईट नाही. पण पाच प्रश्नांच्या साखळीला त्यानं काय फरक पडतो? भीमनगर म्हटलं की पुढचे चार प्रश्न वाचतात एवढंच.

आणि एक उलटी गोष्ट. आज्या-पणज्यापर्यंत खोदून जात काढणारी ही सगळी यंत्रणा खैरलांजीत मात्र आंधळी झाली. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, भोतमांगे कुटुंबातली चार माणसं. २००८ साली सत्र न्यायालयानं शिक्षा दिल्या पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा धरला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली आणि खून सुडापोटी झाल्याचं मानलं. जात दिसली नाही. खोली देताना दिसते, पंगतीत दिसते, प्रमाणपत्र देताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. चार प्रेतं पडल्यावर दिसत नाही. इथे जात कोणी चोरली, हा प्रश्न मी वाचकांवर सोडत नाही. सरकारी दप्तरानं चोरली, असं सरळ म्हणतो.

हे सगळं आत्ता काढायला निमित्त आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारनं येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचं ठरवलं. १९३१ नंतर सगळ्या जातींची अशी पूर्ण मोजणी होऊन आकडे बाहेर आलेलेच नाहीत. प्रगणक दारात येईल. धर्माच्या रकान्यात बौद्ध, याबद्दल आपल्यात वाद नाही. जातीच्या रकान्यात काय, यावर वस्त्यावस्त्यांत भांडणं सुरू झालीत. एक म्हणतो, बाबासाहेबांनी जी टाकली ती परत तोंडानं उच्चारणार नाही. दुसरा म्हणतो, आकडा नाही तर वाटा नाही. तिसरा गप्प बसतो, कारण प्रगणक बहुधा शाळेतले गुरुजी असतील आणि शेजारी घरमालक उभा असेल. पहिले दोघं सभेत बोलतील. मला काळजी आहे तिसऱ्याची. त्याला कोणत्याही बाजूनं ‘गद्दार’ म्हणायच्या आधी कार्यकर्त्यांनी प्रगणकाच्या वेळी त्याच्या दाराशी उभं राहावं, एवढी साधी गोष्ट करता येईल का ते पाहा. त्या खोल्या कुठे आहेत, कोण कोणत्या नावानं राहतं, हे आपल्या पोरांना बरोबर ठाऊक असतं.

दुसरं काम वहीचं. बाबासाहेबांनी स्वतःचं लिहून ठेवलं तसं आपल्या घराघरातलं लिहिलं गेलं पाहिजे. जिनिंगमध्ये कामाला लागताना आज्यानं काय नाव सांगितलं, आत्यानं नर्सिंगच्या वसतिगृहात तीन वर्षं कशी काढली, कोणाच्या लग्नपत्रिका आडनाव गाळून छापल्या गेल्या. म्हातारी माणसं आधी सांगायची नाहीत. दोन-तीनदा जावं लागेल, चहा प्यावा लागेल. नाव, गाव घालू नका, तालुका आणि साल घाला. एका बाजूला समास सोडून लिहा, म्हणजे स्टेन्सिल कापणाऱ्याला सोपं जातं.